हा रूळ दुसऱ्या कशासाठी नाही

प्रिय ब्रूमस्टिक लेस,

मायना काय लिहावा, इथेच पहिली अडचण आली. तू एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे माझ्या पणजीच्याही आधीची; त्या हिशेबाने 'तीर्थरूप' लिहायला हवं. पण तुला मी मांडीवर घेऊन बसते, आणि चिडले की अख्खी ओळ एका हिसक्यात उसवून टाकते. तीर्थरूपांशी असं कुणी वागत नाही. म्हणून 'प्रिय', आणि म्हणून 'तू'.

आपली पहिली भेट ओहायोतल्या एका लहान गावाच्या वाचनालयात झाली. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. माझ्या वयाच्या बायका अमेरिका बघतात ती अशीच, डिंकाचे लाडू, आळीव आणि कुंची-टोपडी बॅगेत भरून, सहा महिन्यांच्या बोलीवर. त्या वाचनालयात दर गुरुवारी सकाळी आठ-दहा बायका विणायला जमायच्या. मला क्रोशा चांगला येतो आणि इंग्रजी बेताचं. तिथे तेवढ्यावर भागत होतं. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईच्या खांद्यावर तू होतीस. करड्या रंगाची शाल, तिच्यावर ओळीने मोरपिसातल्यासारखे डोळे, आणि सगळे डोळे एकाच बाजूला किंचित कललेले.

मी पन्नास वर्षं क्रोशाची सुई धरते आहे. रुखवतातले रुमाल झाले, दारांची तोरणं झाली, पाण्याच्या भांड्यावरची मणी लावलेली जाळी झाली, एका काळात तर टीव्हीलासुद्धा झबलं विणून घातलं. कुठलाही नमुना पाच मिनिटं न्याहाळला की त्यातले टाके मला मोजता येतात. तुझ्यात मोजायला टाकेच सापडेनात. लांब, मोकळे, एकत्र पिळलेले धागे, आणि मध्ये भोक. नाव विचारलं तर ती म्हणाली, ब्रूमस्टिक.

मला कळलं ते खराट्याची काडी.

माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूचं. शाळेत विणकामाचा तास असायचा, पण विकतच्या सुया सगळ्यांना कुठल्या मिळायला! माडाच्या झावळीचे दोन जाडसर हीर निवडायचे, चुलीच्या दगडावर टोकं घासायची, आणि त्यांवर उलटा-सुलटा टाका शिकायचा. मध्येच हीर मोडला तर परसातल्या खराट्यातून दुसरा ओढायचा आणि आईची बोलणी खायची. तेव्हा मी त्या बाईला मोठ्या उत्साहाने सांगून टाकलं की हे तर मी लहानपणी केलंय. तिने पिशवीतून हातभर लांबीचा, अंगठ्याहून जाड, वापरून वापरून काळपट-गुळगुळीत झालेला लाकडी दांडा काढून टेबलावर ठेवला. झाडूचा दांडा, करवतीने कापलेला. तिच्या आईचा होता. मी गप्प बसले.

तुझ्या नावाशी माझं भांडण तिथूनच सुरू झालं. आमच्या केरसुणीला दांडा नसतो, हे तुला ठाऊक नसणार. शिंदीच्या पानांची मूठ वळून बांधलेली, ती धरायची आणि कंबरेत वाकून केर काढायचा. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागू देत नाहीत. झाडूला दांडा लावून बाईला ताठ उभं करायचं, हे तुमच्याकडचं. आणि तो झाडू ज्या गवताचा, ते ऐकून तर मला हसू आलं. ते ज्वारीच्याच जातीचं एक झाड. कणसाच्या जागी लांब, चिवट काड्यांचा झुबका येतो. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावच्या लेव्ही डिकिन्सन या शेतकऱ्याने १७९७ च्या सुमारास बायकोसाठी त्याचा झाडू बांधला आणि पुढे त्या भागात झाडू बांधण्याचा धंदाच उभा राहिला, असं तिथे सांगतात. म्हणजे तिथे ज्वारीने घर झाडतात. आमच्या सोलापूरकडच्या माणसाला हे सांगितलं तर तो कडब्याचा भाव विचारील.

तुला आणखी दोन नावं आहेत. एक 'जिफी लेस', चुटकीसरशी होणारी. गेल्या शतकातल्या साठ-सत्तरच्या दशकांत तिकडे तुझ्या शालींची आणि पोंचोंची लाट आली होती, तिला शोभणारं हे नाव. त्यात मला दुकानदाराचा आवाज ऐकू येतो. दुसरं 'पीकॉक आय', मोराचा डोळा. पैठणीच्या पदरावर मोर बघत वाढलेल्या मराठी बाईने तुला याच नावाने हाक मारायला हवी, नाही का? पण तू जगभर मिरवतेस ते झाडूचंच नाव. आणि त्याचा तुला अभिमान आहे, असं मला वाटतं. हाताशी होतं त्यातून केलं, असा. त्या अभिमानाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, पण आधी शालीचं सांगते, म्हणजे मी नुसती बोलघेवडी नाही हे तुला पटेल.

नाशिकला परत आले ती दांडा न घेता. खरं सांगायचं तर मी त्या बाईकडे तो मागितला होता. ती हसली आणि नको म्हणाली. बरोबरच होतं तिचं. मागितला कसा, याची आता लाज वाटते. घरी आल्यावर वाटलं, एक साधा दांडा, तो का मिळणार नाही? जळमटं काढायच्या कुंच्याला लांब काठी होती. जाळी काढायच्या काठीवर जाळी विणायची, ही कल्पना मला फार आवडली. पण ती काठी बांबूची. प्रत्येक पेरापाशी लोकर अडकायची, आणि पेराच्या अलीकडचे डोळे बारीक, पलीकडचे मोठे. मग पडद्याचा पोकळ रॉड झाला. तो इतका गुळगुळीत की शेजारच्या खोलीत कुणी शिंकलं तरी वीस लूप घरंगळत खाली. मग इलेक्ट्रिशियनने वायरिंगला आणलेल्या पाइपचा उरलेला तुकडा सापडला. त्यावर २५ मिलिमीटर असं छापलेलंच होतं. ओहायोत त्या बायका दुकानातून आणतात ती पन्नास नंबरची सुईही बरोबर २५ मिलिमीटर जाडीची. मी एका टोकाला बाटलीचं बूच ठोकलं आणि स्वतःवर खूश झाले. तीन ओळी छान गेल्या. पण पाइपच्या उघड्या टोकाला निमुळतेपणा नाही, करवतीची धार मात्र आहे, आणि लोकर प्रत्येक वेळी त्या धारेवरून उतरते. चौथ्या ओळीला धागा तुटला.

आणि मग लाटणं.

लाटण्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. आमचं लाटणं लांब, शिसवी, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळतं. त्यावर चढवलेल्या लूपांचे मधले डोळे टपोरे आले आणि कडेचे मिचमिचे. तेही मी चालवून घेतलं असतं. पण अकरा वाजता पोळ्यांच्या काकू आल्या, कणीक भिजवली, पोळपाट मांडला आणि म्हणाल्या, "वहिनी, लाटणं?" लाटण्यावर शंभर लूप होते. काकूंना अजून तीन घरं करायची होती. मी लूप सोडले, लाटणं धुऊन दिलं, आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

क्रोशा आणि दोन सुयांचं विणकाम यांत एक फरक आहे तो इथे तुझ्या बाजूने सांगायला हवा. सुयांवरचा टाका गळला तर खालपर्यंत शिडी लागते. तुझं तसं नाही. लूप निसटला तरी त्याच्याखाली मुक्या खांबांची घट्ट ओळ असते, ती तसूभर हलत नाही. शंभर लूप सोडले तरी शाल जिथे होती तिथेच राहिली. गेली ती फक्त एका सकाळची मेहनत.

मुका खांब म्हणजे काय, हे ओहायोतल्या बायकांना सांगताना गंमत झाली. अमेरिकन बाई ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणते, त्याच टाक्याला ब्रिटिश बाई 'डबल क्रोशे' म्हणते, आणि एकीच्या पुस्तकावरून दुसरीने विणलं की झबल्याचा परकर होतो. आपल्याकडे हे भांडण नाही. आपल्या क्रोशात साखळी आहे, खांब आहे, मुका खांब आहे, सगळं जुन्या वाड्यातलं. 'क्रोशा' हा शब्द तेवढा फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा. मराठीत आकडा म्हणजे हूकही आणि संख्याही. तुझ्या कामाला दोन्ही लागतात, एक हातात आणि एक डोक्यात.

कारण तू पाचाच्या पटीत चालतेस. माझ्या शालीला पायाला शंभर साखळ्या, त्यांवर मुक्या खांबांची एक ओळ. ती डाव्या टोकाला संपते. एरवी इथे काम उलटायचं आणि पुढची ओळ धरायची. तुला उलटायचं नसतं, तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच तोंडाने माझ्याकडे बघतेस. दांडा डाव्या हातात, त्याची मूठ काखेत किंवा गुडघ्यांत, टोक उजवीकडे. आकड्यावरचा लूप लांब ओढायचा आणि दांड्यावर चढवायचा. मग डावीकडून उजवीकडे परतत पुढच्या प्रत्येक मुक्या खांबातून एक लूप ओढायचा, चढवायचा. असे शंभर. या अख्ख्या वाटेत टाका म्हणावा असा एकही टाका पडत नाही. नुसते ओढलेले, दांड्याभोवती गुंडाळलेले धागे, एकालाही गाठ नाही. मला सुरुवातीला या ओळीत फार असुरक्षित वाटायचं. उजव्या टोकाला पोचलं की उतरणं सुरू. टोकाकडचे पाच लूप एकत्र धरायचे, त्यांतून आकडा आरपार घालून धागा ओढायचा, एक साखळी घालायची, आणि त्याच भोकात पाच मुके खांब. पाच गेले, पाच आले. एसटीत शेवटी चढलेला दाराजवळ उभा असल्यामुळे आधी उतरतो, तसे शेवटी चढलेले लूप आधी उतरतात. पाच धागे एकमेकांना ओढून घेतात, कलतात, पिळतात, आणि डोळा उघडतो.

आकडा पाच लूपांत कुठल्या बाजूने शिरला, यावर डोळा कुणीकडे कलणार ते ठरतं. माझ्या शालीच्या सातव्या ओळीत वीसपैकी वीस डोळे उलट दिशेला बघतात. त्या दुपारी नणंदेचा फोन आला होता, कानाला लावून विणत होते. चूक कळली बाराव्या ओळीला. तुझी ओळ उसवणं भयंकर सोपं. धाग्याचं टोक ओढलं की शंभर लूप वाळूसारखे जातात. पण पाच ओळी मागे जायचं माझ्या जिवावर आलं. राहू दिलं. सासूबाईंची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, वय चौऱ्याऐंशी. शाल हातात घेतल्यावर एका मिनिटात म्हणाल्या, "सातव्या ओळीतल्या मोरांनी तोंड का फिरवलंय?"

दांडा पंचवीस मिलिमीटर जाड, म्हणजे त्याभोवतीच्या एका लूपाला आठ सेंटिमीटरच्या आसपास धागा लागतो. शंभर लूपांना आठ मीटर. वरच्या मुक्या खांबांना आणखी तीनेक. एका ओळीला अकरा मीटर लोकर गेली आणि शाल वाढली चार सेंटिमीटर. छत्तीस ओळींची दीडेक मीटर लांब शाल म्हणजे छत्तीसशे लूप, सातशे वीस डोळे आणि चारशे मीटर धागा. चारशे मीटर लोकरीचं साधं घट्ट विणकाम केलं असतं तर जेमतेम एक मफलर झाला असता. तू पसरतेस, कारण तुझ्यात लोकरीपेक्षा हवा जास्त. आणि डोळा केवढा व्हायचा, ते माझा हात ठरवत नाही. घट्ट विणणारी असो की सैल, लूप दांड्याएवढाच होतो. पन्नास वर्षांत माझ्या हाताला जी समानता जमली नाही ती या दांड्याने पहिल्या ओळीत दिली, याचा मला थोडा रागही आला.

आता भांडणाकडे येते.

तुझी गोष्ट सांगताना सगळे एकच चित्र रंगवतात. गरीब घर, कष्टाळू बाई, दिवसभराची कामं उरकल्यावर तिने झाडूचा दांडा उचलला आणि चुलीशी बसून त्यावर मोरांचे डोळे विणले. काय कल्पकता! मीही वाचनालयात मान डोलावली होती. पण लाटण्याच्या प्रसंगानंतर मी त्या चित्रात एक गोष्ट शोधायला लागले. सकाळी तो दांडा पुन्हा झाडूला लावायचा होता. त्यावर ओळ अर्धी असेल तर? तिला सोडावी लागली असणार. किती वेळा?

सासूबाईंकडे क्रोशाची एक सुई आहे. छत्रीची मोडलेली काडी, टोकाशी वाकवून कानशीने घासलेली. त्यांनी ती चौदाव्या वर्षी स्वतः केली. त्या सुईने त्यांनी स्वतःच्या रुखवताची सगळी जाळी विणली. त्यातला एक रुमाल आमच्या देवघरात अजून आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती सुई हौसेने दाखवायचे आणि सासूबाईंच्या कल्पकतेचं वर्णन करायचे. एकदा पाहुणे गेल्यावर त्या म्हणाल्या, "कौतुक कसलं सांगतेस? सुई मिळत नव्हती." विकतची पहिली सुई त्यांच्या हातात आली तेव्हा त्यांना दोन मुलं झाली होती. छत्रीच्या काडीने त्यांच्या अंगठ्याला पडलेला घट्टा मला आजही हाताला लागतो.

आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथल्या हजारो बायका घरी बसून क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, १९८२ साली आलं. त्यात त्यांनी दाखवलं की दिवसातले सहा-सहा, आठ-आठ तास विणणाऱ्या या बायकांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. एकदा काम फावल्या वेळचं ठरलं की त्याची हत्यारंही उसनीच असायची, असा मी माझ्यापुरता अर्थ काढला. सुताराने करवत बायकोच्या स्वयंपाकघरातून उसनी आणली, असं कुणी ऐकलंय? व्हिक्टोरिया राणीही क्रोशा करायची. बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी तिने म्हातारपणी स्वतःच्या हाताने आठ स्कार्फ विणले आणि ते शौर्याबद्दल दिले गेले. तिच्या सुईला दुसरं काही काम होतं, असं वाटत नाही.

या सगळ्यामुळे मी तुझ्यासाठी खास दांडा करून घ्यायचं ठरवलं. आधी एक मागवून पाहिला. तीन आठवड्यांनी आला तो टोकाशी चिरलेला. परत करायला निघाले तर परतीची मुदत पार्सल यायच्या आदल्याच दिवशी संपली होती. मग मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा सावंतवाडीला उतरले. तिथल्या लाकडी खेळण्यांची तुला माहिती नसेल: भातुकली, आणि फळं अशी की माणूस चावायला जातो. एका कातकाम करणाऱ्याकडे गेले. त्याला कागदावर चित्र काढून दाखवलं. पस्तीस सेंटिमीटर लांब, पंचवीस मिलिमीटर जाड, एका टोकाला लाडवाएवढा गोल गोळा, दुसरं टोक तीन बोटं निमुळतं, पण अणकुचीदार नको.

"रूळ," तो म्हणाला. कारकुनाच्या टेबलावरचा, वहीत रेघा मारायचा गोल रूळ. मला इतके महिने हा शब्द आठवला नव्हता.

"कशाला लागतो?" मी सांगितलं. त्याने थोडा विचार केला. "आणि विणायचं नसेल तेव्हा? दुसऱ्या कशाला चालेल?" विकणाऱ्याला असा प्रश्न पडणं साहजिक होतं. मी म्हटलं, दुसऱ्या कशालाच नको. त्याने माझ्याकडे बघितलं तसं आजवर कुणी दुकानदाराने बघितलेलं नाही, आणि सागवानाचा तुकडा यंत्रावर चढवला. शिसवी नको म्हणाला. जड होईल, तासाभराने मनगट बोलेल. कातून झाल्यावर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरली, उष्णतेने लाख वितळून चढली, वर केवड्याच्या पानाने घासून चकाकी. दांडा हिरवा, गोळा तांबडा. रंग त्यानेच ठरवले.

या रुळावर बसल्यावर मला कळलं की तुझा डोळा पाइपवर व्हायचा तसाच इथेही होतो. फरक दिसतो तो सगळा माझ्या अंगात. निमुळत्या टोकावरून पाच लूप स्वतःहून उतरतात, आकड्याला झटापट करावी लागत नाही. गोळ्यामुळे मागचे लूप पडत नाहीत, म्हणून डावा खांदा आवळून बसावं लागत नाही. पस्तीस सेंटिमीटरवर माझ्या लोकरीचे शंभर लूप दाटीवाटीने मावतात; एकशेदहा घातले की मारामारी. म्हणून शाल सत्तावन्न सेंटिमीटर रुंद आहे. पदरासारखी दुहेरी घेता येत नाही, उपरण्यासारखी घ्यावी लागते.

ऊब? तो प्रश्न नाशिकमध्ये विचारलाच जातो. निफाडचा पारा उतरला की इथे लोक सकाळी बोलतातच त्यावर. धनगरी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी असते ना, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली, ती पावसाचं पाणीसुद्धा आत येऊ देत नाही. तू तिच्या बरोबर उलट. तुझ्यातून माझं अख्खं बोट जातं. शिवाय मी वापरते ती लोकर 'लोकर' नव्हे, ते अॅक्रिलिक. आपण म्हणतो लोकर, दुकानदारही म्हणतो लोकर, आणि गुंड्यावरच्या कागदावर बारीक अक्षरात खरं काय ते लिहिलेलं असतं. खऱ्या लोकरीची शाल ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की डोळे पुढच्या धुण्यापर्यंत उघडे राहतात. अॅक्रिलिकला नुसत्या पाण्याचं काही वाटत नाही. वाफ लांबून द्यावी लागते, आणि इस्त्री टेकली की लोकर सादळलेल्या पापडासारखी लुळी पडते, पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. माझा एक नमुन्याचा तुकडा त्यात गेला.

सासूबाईंना मात्र उबेची तक्रार नाही. त्यांच्या कपाटात सत्काराच्या नऊ शाली आहेत, निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मिळालेल्या, नारळांबरोबर. त्यांतल्या निम्म्या त्यांनीच कुणाकुणाच्या सत्काराला पुढे पाठवल्या, आणि मला दाट संशय आहे की एक फिरून परत आली. तू त्यांच्यासाठी आहेस. "भोकं मोजून पैसे लावले असते तर महाग पडली असती," एवढंच त्या म्हणाल्या. पण रोज संध्याकाळी किती ओळी झाल्या ते विचारतात.

एकतिसावी झाली आहे. दुसरा गुंडा संपत आला आणि तिसऱ्याचा लॉट नंबर वेगळा निघाला. दिवसा कळत नाही, ट्यूबलाइटखाली हिरवा थोडा पिवळट दिसतो. दुकानात पुन्हा जाऊन बघणार आहे. नाहीच मिळाला तर शेवटच्या पाच ओळी तशाच जातील; सातवी ओळ सहन केली तिथे हे काय.

रूळ माझ्या साड्यांच्या कपाटात, पैठणीशेजारी असतो. मुलाने विचारलं, लॉफ्टवरचा डबा पुढे ओढायला देतेस का. दिला नाही. त्याला ते विचित्र वाटलं. त्याची क्रिकेटची बॅट त्याने कधी कुणाला कपडे बडवायला दिली नव्हती, याची मी त्याला आठवण करून दिली नाही. तुला सांगते आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझीच,
सातव्या ओळीची अपराधी

ता. क. : पत्र संपवून उठले तर रूळ जागेवर नाही. सासूबाई पलंगावर बसून त्याने पाठ खाजवत होत्या. "टोक फार छान काढलंय गं," म्हणाल्या.